ओढणीखालची खाज

वुजू करताना मसहसाठी ओला हात डोक्यावरून फिरवला की तळहाताला पांढरे, कोरडे पापुद्रे चिकटायचे. कुणी पाहायच्या आत मी हात धुऊन टाकायचे. लहानपणापासूनचं हे दुखणं. अम्मीनं कडुलिंबाचा पाला, लिंबाचा रस, मोहरीचं तेल, सगळं चोळून पाहिलं. लिंबानं तर चिरलेल्या कातडीची नुसती आग व्हायची. एका सुट्टीत डोकंही भादरून झालं. कधी कोंडा, कधी उष्णता, अशी नावं बदलली. खाज तीच राहिली. पुढे डोक्यावर ओढणी आली आणि सगळं झाकलं गेलं. झाकलं गेलं म्हणून इलाजही राहून गेला.

मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी सहावीतली एक मुलगी ओढणीत बोटं घालून सारखं डोकं खाजवायची. मुलींनी तक्रार केली, तिच्या डोक्यात उवा आहेत. मी तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. ही खाज माझ्या ओळखीची होती. पण तसं बोलायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं. बी.एड.ला बालमानसशास्त्रात चांगले गुण मिळवणारी मी गप्प राहिले.

आठवड्यानं तिची आई आली. दार लोटून तिनं मुलीची वेणी सोडली. कानामागची कातडी जाड झालेली, नखांचे ओरखडे, रक्ताच्या खपल्या. ऊ नाही, लीख नाही. "जुवाँ नै हैं, टीचर," एवढंच ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. मी माझी ओढणी मागे सारली. मायलेकी माझ्या डोक्याकडे पाहत राहिल्या.

त्याच आठवड्यात आम्ही तिघी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. दोघींचा आजार एकच निघाला, अ‍ॅटोपिक डर्मटायटिस. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला दमा? माझ्या अब्बांना होता, तिच्या भावाला आहे. अशा घरांत हा आजार अधिक दिसतो. कातडी ही भिंत समजा. तिच्यातला गिलावा कच्चा असला की ओलावा बाहेर जातो आणि त्रास देणाऱ्या गोष्टी आत शिरतात. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष याला कारण ठरू शकतो, हे 2006 साली उजेडात आलं. खाजवलं की कातडी फाटते, फाटली की आणखी खाज सुटते. मात्र हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. गजकर्ण लागतं, उवा लागतात. तेलकट, पिवळसर कोंड्याचा आजार आणखी वेगळा. म्हणून आधी डॉक्टरांनी डोकं पाहायला हवं.

आजार मुळातून जात नाही, पण ताब्यात राहतो. कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य शाम्पू, नखं कापलेली. डोकं घासायचं नाही, बोटांच्या पेरांनी हलकेच धुवायचं. खाज उसळली की स्टेरॉइडचं लोशन, तेही डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस; मनानं महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते. पाणी सुटलं, पिवळी खपली धरली, ताप आला तर लगेच दवाखाना. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामानं खाज वाढते, म्हणून आम्ही दोघी आता सुती ओढणी घेतो आणि केस वाळल्यावरच डोकं झाकतो.

वर्गात मी सगळं सांगितलं, माझं स्वतःचंसुद्धा. मुलीची माफी मागितली आणि तिला पहिल्या बाकावर बोलावलं. ती लगेच आली नाही. मागे बसवायला माझा एक शब्द पुरला होता. पुढे यायला तिला चार दिवस लागले. ते चार दिवस फळ्याकडे वळताना माझी पाठ त्या शेवटच्या बाकाकडे असायची, आणि ते मला जाणवत राहायचं.