पटलें नाहीं, तरी होकार

वडीलधाऱ्या माणसाचा होकार मनापासून असला, म्हणजे घरांत कांहीं प्रश्नच उरत नाहीं. परंतु मनाला पटलें नसतांही तो द्यावा काय? ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस स्वतःच्या घरीं सांपडलें नाहीं. तें स्वित्झर्लंडमधील एका डोंगरी वस्तींत सांपडलें.

आमचा पुतण्या तिकडे वास्तुविद्येचें शिक्षण घेतो. त्याच्याकडे गेलों असतां एके दिवशीं त्यानें आम्हांस कूर शहरीं तांबड्या आगगाडींत बसविलें. ऱ्हाइन नदीच्या वरच्या खोऱ्यांतून ती गाडी संथपणें चढत जाते. सुमविच येथें उतरून आम्ही चढणीच्या वाटेनें सोन्य बेनेदेच ह्या वस्तीकडे निघालों. येथील लोकांची बोली रोमान्श. ती लॅटिनची लेक. संत बेनेडिक्ट ह्यांचें नांवच वस्तीला मिळालें आहे.

येथें पूर्वीं एक जुनें चॅपेल, म्हणजे लहानसें प्रार्थनामंदिर होतें. १९८४ सालीं डोंगरावरून सुटलेल्या बर्फाच्या लोंढ्यानें तें उद्ध्वस्त झालें. जवळच मोटारी उभ्या करण्यासाठीं नुकताच एक तळ बांधला होता. त्याच्या उतारावरून बर्फ थेट मंदिरावर लोटला गेला. हें ऐकतांच आमची मान खालीं गेली. दोन पावसाळ्यांपूर्वीं आमच्या वाड्याची मागची पडवी देवघरासह खचली, ती आम्हींच हौसेनें घातलेल्या सिमेंटच्या अंगणामुळें! पूर्वीं मातींत जिरणारें पाणी भिंतीच्या पायाशीं तुंबूं लागलें होतें. पुढें पुतण्यानें नव्या देवघराचा नकाशा काढला. आम्हांस मात्र होतें तसेंच देवघर हवें होतें. ह्या ओढाताणींत वर्ष सरलें, आणि देव माजघरांतील फडताळांत राहिले.

सोन्य बेनेदेचचें नवें मंदिर पीटर झुम्टोर ह्यांनीं बांधलें. हे सुताराचे पुत्र, आणि प्रथम स्वतःही सुतारकाम शिकलेले. वरच्या कुरणांकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर, रानाच्या आडोशाची जागा त्यांसाठीं निवडली गेली, आणि १९८८ सालीं मंदिर उघडलें. त्याचा आकार पाण्याच्या थेंबासारखा आहे. बाहेरून लार्च वृक्षाच्या लहान लहान फळ्या माशाच्या खवल्यांप्रमाणें बसविल्या आहेत. उन्हाकडील फळ्या करपून काळपट झाल्या आहेत, तर उत्तरेकडील रुपेरी. जणुं एकाच घरांतील दोन भाऊ, ज्याच्या त्याच्या नशिबाचें ऊन घेऊन म्हातारे झालेले. आंत पाऊल टाकतांच लांकडी जमीन किंचित् लवली. खांब भिंतीपासून थोडे सुटे उभे आहेत. छपराचीं तुळवटें पानाच्या शिरांप्रमाणें मधल्या कण्याला मिळतात. छपराखालीं सभोंवार खिडक्यांची पट्टी आहे. तिच्यांतून गांव दिसत नाहीं, केवळ उजेड येतो. आम्ही परधर्मीय, तरीही तेथें आवाज आपोआप खालीं गेला.

बाहेर येऊन पायरीवर बसल्यावर पुतण्यानें शेवटची गोष्ट सांगितली. दिसेंतिस येथील मठाधिपति व साधु, तसेच गांवचे धर्मगुरु ह्यांना पुढील पिढ्यांसाठीं आजच्या काळचें मंदिर हवें होतें. गांवच्या कारभाऱ्यांस तें पटलें नाहीं. तथापि त्यांनीं बांधकामाची परवानगी दिली, आणि सोबत आपल्या रोमान्श भाषेंत शेरा लिहिला. त्याचा अर्थ इतकाच, कीं परवानगी आहे, खात्री नाहीं.

एवढें सांगून तो गप्प राहिला. त्यानें आमच्या नकाशाचें नांवही काढलें नाहीं. त्याची ती मर्यादा आम्हांस अधिक लागली. त्या कारभाऱ्यांनीं आपलें मतही सोडलें नाहीं आणि वाटही अडविली नाहीं. आम्ही मात्र आजवर असें समजत आलों, कीं आम्हांस पटेपर्यंत घरानें थांबावें.

परत आल्यावर आम्हीं तो नकाशा फडताळांतून काढला, आणि त्याच्या कडेला लिहिलें : “पटलें नाहीं, काम सुरू करावें.” खालीं सही केली. सध्यां पाया खणणें चालू आहे. अंगणांतील सिमेंट आम्हीं आधींच उखडून टाकविलें. तेवढें मात्र आम्हांस पूर्णपणें पटलें होतें.