कोठीचे ओझे गाळ्यावर

स्वारगेटहून गुलटेकडीला आले, फळे-भाजीची वर्दळ मागे टाकली, की मार्केट यार्डाचा भुसार विभाग लागतो. पूर्वी नाना-भवानी पेठांत भरणारा हाच तो बाजार. गूळ, मिरची आणि तागाच्या पोत्यांचा संमिश्र वास, गाळ्यांसमोर उभे टेम्पो, पाठीवर पोते घेऊन वाट काढणारे हमाल. येथील कित्येक पेढ्या जैन कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविल्या आहेत. महागाई भावफलकावर दिसतेच; पण जाणकार व्यापारी ती ग्राहकाच्या मापावरून ओळखतो.

एप्रिल-मे हा येथील मोठा हंगाम. सिहोर, लोकवन गहू आला की घरोघरी वर्षाचे धान्य भरले जाई आणि ऊन दाखवून, एरंडेल चोळून ते कोठीत ठेवले जाई. ही रीत आता झपाट्याने आटत आहे. घरे लहान झाली हे खरे; परंतु एकरकमी पैसाही मोकळा राहत नाही. गृहकर्जाचा हप्ता, शाळेचे शुल्क, औषधे यांना थांबविता येत नाही. वाकते ती फक्त वाण्याची यादी. केंद्र सरकारच्या घरगुती खर्च पाहणीनुसार शहरी कुटुंबाच्या मासिक खर्चात अन्नाचा वाटा 1999-2000 मध्ये सुमारे 48 टक्के होता. 2022-23 मध्ये तो सुमारे 39 टक्क्यांवर आला. लोक कमी जेवतात असा याचा अर्थ नव्हे. उत्पन्न वाढले, आणि इतर खर्चांनी आपली जागा पक्की केली.

गहू दहा-दहा किलोंनी येऊ लागला, म्हणून वर्षाची गरज संपली नाही. साठा तेवढा घरातून दुकानात आला. समजा, शंभर कुटुंबांनी प्रत्येकी दोन क्विंटल गहू हंगामात नेला नाही. किलोला 35 रुपये धरले तर सात लाखांचा माल दुकानदाराच्या गळ्यात राहतो. वर्षभरात तो हळूहळू संपतो, म्हणजे सरासरी साडेतीन लाख अडकतात. दहा टक्के दराने 35,000 रुपये व्याज. कीड आणि घट वेगळीच. पूर्वी हा भार गृहिणीची कोठी विनामूल्य वाहत असे! किरकोळ विक्रीतील तुटपुंज्या नफ्यातून तो भरून निघणे कठीण.

तेलाचेही तसेच. 14 सप्टेंबर 2024 रोजी कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के झाले, तेही दिवाळीच्या तोंडावर. पंधरा किलोंच्या डब्याऐवजी एक लिटरची पिशवी मागणारे ग्राहक त्यामुळे वाढले. 18 जुलै 2022 पासून 25 किलोंपर्यंतच्या वेष्टनबंद, छापील धान्यावर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागला, तेव्हा व्यापाऱ्यांनी 26 आणि 30 किलोंच्या पिशव्या काढल्या. युक्ती हिशेबाला बरोबर होती. पण ग्राहकाचा हात नेमका उलट दिशेने, लहान पुड्याकडे चालला होता.

दिवाळीत पूना मर्चंट्स चेंबर ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकते. बाजारानेच बाजारभावाला दिलेले हे उत्तर, आणि ते घेण्यास मध्यमवर्गही येतो. एरवी मात्र पेठेतला छोटा दुकानदार पूर्वी महिन्यातून एकदा नेत असे तो माल आता आठवड्याला थोडा थोडा उचलतो. टेम्पोचे भाडे कमी किलोंवर विभागले जाते, आणि जुनी उधारी चुकती होण्याआधीच नवी पावती फाडावी लागते.