आर्नोच्या काठी एक कोल्हापूरकर

फ्लॉरेन्स एका दिवसात बघून होत नाही, असं सांगणारे आम्हाला पुष्कळ भेटले. पण आमच्याकडे एकच दिवस होता. मुलगा मिलानला नोकरीला. त्याची सुटी रविवारची आणि आमचं परतीचं विमान मंगळवारचं. सकाळच्या गाडीने निघालो, दोन तासांत पोहोचलो. पिशवीत चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी आणि वजूसाठी पाण्याच्या दोन बाटल्या. मुलाने आदल्या रात्री विचारलं होतं, "अब्बा, डेव्हिडच्या पुतळ्याचं तिकीट काढू का?" आम्ही म्हटलं, ते राहू दे, आम्हाला आपल्या महाराजांना भेटायचंय. त्याला वाटलं आम्ही चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज याच शहरात वारले. 1866 साली गादीवर आले, 1870 साली इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि परत येताना वाटेत आजारी पडून 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचा अंत झाला. वय अवघं वीस. राजाराम कॉलेजचं नाव दिवसातून चारदा घेणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? आम्हालाच कळलं ते साठीच्या घरात आल्यावर.

पण महाराज शहराच्या पार पश्चिम टोकाला. म्हणून मुलाच्या आग्रहाने आधी मधलं शहर पाहिलं. त्यांच्या मोठ्या चर्चचा घुमट गल्लीच्या टोकाला एकदम समोर आला तेव्हा दोघांच्याही तोंडून एकच शब्द निघाला: गोलघुमट! शाळेच्या सहलीत विजापूरला पाहिलेला तो घुमट बाहेरून 44 मीटर व्यासाचा. हा मात्र गोल नसून आठ बाजूंचा. विजापूरचा 1656 चा, हा 1436 चा. ब्रुनेलेस्की नावाच्या माणसाने खालून लाकडाचा आधार न देता, एका घुमटाच्या आत दुसरा घुमट, अशी ही रचना उभी केली. वर जायला 463 पायऱ्या आहेत. आमच्या गुडघ्यांनी खालूनच सलाम केला.

जुन्या पुलावर फार थांबलो नाही. तिथे 1593 पर्यंत खाटकांची दुकानं होती, मग राजाच्या हुकुमाने सोनार आले. आता खिडक्यांपुढे इतकी गर्दी की नदी दिसतच नाही. 1944 साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने इथले बाकी सगळे पूल उडवले, एवढा एक ठेवला.

नदीकाठच्या गॅलिलिओ संग्रहालयात मात्र अर्धा तास एकाच काचेपुढे गेला. आत पितळेचा एक गोल, त्यावर तारे कोरलेले आणि नावं अरबीत. इब्राहिम इब्न सईद अस-सहली याने व्हॅलेन्सियात 1085 साली घडवलेला. म्हणजे गॅलिलिओच्या जन्माआधी जवळजवळ पाचशे वर्षं. मुलाला मदरशात अलिफ-बे शिकताना रडू यायचं. इथे तो काचेला नाक लावून एकेक अक्षर जुळवत होता. आम्ही काही बोललो नाही. बोललो असतो तर लगेच सरळ उभा राहिला असता.

स्टेशनवरून ट्रामने कासिने बागेला गेलो. ही बाग नदीला धरून तीन-साडेतीन किलोमीटर लांब पसरलेली. शेवटपर्यंत पायीच जावं लागतं. मध्ये एका झाडाखाली वजू करून जोहरची कसर पढलो आणि तिथेच चपात्या सोडल्या. सायकलवरून जाणारी दोन पोरं चटणीच्या वासाने वळून बघत गेली.

बाग संपते तिथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. आपल्याकडे प्रयाग-चिखलीला जसा संगम, तसाच. त्या टोकावर छत्री आहे. हो, छत्रीच! चार खांब, वर घुमटी, आणि खाली मुंडासं बांधलेल्या, दागिने घातलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. इटलीत कुठेच न शोभणारी आणि आमच्या डोळ्यांना अगदी ओळखीची. ओळख का वाटली ते मुलाने मोबाईलवर वाचून सांगितलं. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, ज्याने आपला टाऊन हॉल आणि न्यू पॅलेस बांधायला घेतला. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, 1874 चा. चारही बाजूंना चार भाषांत मजकूर. पलीकडचा मोठा पूल 1978 चा, त्याचं नावही 'इंदियानो', म्हणजे हिंदुस्थानी. त्या पुलावरून रोज जाणाऱ्या लोकांना हा हिंदुस्थानी कोण हे माहीत असतं की नाही, देव जाणे.

त्या काळी तिथे प्रेत जाळायची रीत नव्हती, चर्चला ते मान्यही नव्हतं. तरीही इथल्या नगरपालिकेने खास परवानगी दिली, आणि संगमावर रात्री हिंदू रिवाजाप्रमाणे चिता रचली गेली. पाहायला शहरातले लोक आले होते. विसाव्या वर्षी गेलेला, भाषा न येणारा, परक्या धर्माचा एक पोरगा, आणि त्याला त्याच्याच रीतीने निरोप द्यायला एका शहराने आपला नियम बाजूला ठेवला.

तिथे बाकावर बसलो आणि आम्हाला भाईजान आठवले. 1991 साली दम्मामला गेले ते परत आलेच नाहीत. कामावर छातीत कळ आली, दुसऱ्या दिवशी तिथेच दफन झालं. जनाजा कोणी उचलला, मातीच्या तीन मुठी कोणी दिल्या, काही माहीत नाही. त्यांच्याबरोबरच्या एका मल्याळी माणसाचं पत्र आलं, इंग्रजीत, सात ओळींचं. अम्मी ते पत्र जाईपर्यंत उशीखाली ठेवायच्या. वाचता येत नव्हतं त्यांना. दम्मामच्या कबरीवर नाव नसतं, ही रीत दीनाच्या दृष्टीने चांगलीच आहे. पण आईला ती समजावून सांगणं आमच्याच्याने कधी झालं नाही.

मुलाला हे सगळं आम्ही पहिल्यांदाच सांगत होतो. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "बडे अब्बांची जागा शोधता येईल का? रजिस्टर असेल ना तिथे." आम्ही म्हटलं, असेल. मग तोच थोड्या वेळाने म्हणाला, "मला इथलं नागरिकत्व घ्यायचंय, अब्बा. सांगणार होतो." मंगळवारच्या आधी सांगेल असं वाटतच होतं आम्हाला. फक्त इथे सांगेल असं वाटलं नव्हतं.

छत्रीपुढे उभं राहून काय म्हणायचं ते सुचेना. दुआ तर नाही; पण नुसतं पाठ फिरवणंही बरं वाटेना. याच गादीवर 1884 साली शाहू महाराज दत्तक आले आणि त्यांनी 1906 साली मुस्लिम बोर्डिंग काढलं. आमचे अब्बा तिथेच राहून शिकले, म्हणून आम्ही शिकलो, म्हणून हा पोरगा मिलानला. गप्प उभे राहिलो. निघताना मुलाने छत्रीच्या पायरीवर पडलेली प्लॅस्टिकची बाटली उचलून आपल्या पिशवीत टाकली.

घरी आल्यावर भाभींना फोटो दाखवले. घुमट, पूल, सोनारांची दुकानं त्यांनी भराभर पुढे ढकलली. छत्रीच्या फोटोवर थांबल्या. बोटांनी मोठा केला, आजूबाजूचं गवत बघितलं.

"कापलेलं दिसतंय," म्हणाल्या. "कोण कापतं?"