ओढ

मराठीत ‘ओढ’ हा शब्द एकटाच बरीच कामं करतो. पाण्याला ओढ असते आणि माहेराचीही ओढच असते. गुरुत्वाकर्षण हा लांबलचक शब्द मी शाळेत शिकले, पण त्याआधी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी समुद्रानेच ओढ शिकवली होती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. चंद्र पाणी ओढतो, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक.

ही ओढ दगडालाही वितळवू शकते, हे मात्र गुरूच्या आयो या चंद्राविषयी वाचताना कळलं. आयो आपल्या चंद्रापेक्षा जेमतेम मोठा. गुरूची ओढ त्याच्या जवळच्या बाजूवर जास्त, पलीकडच्या बाजूवर कमी. या फरकाने तो किंचित लांबट होतो. त्याची कक्षा नेमकी वर्तुळाकार असती, तर हा फुगवटा एकदा उठून तसाच राहिला असता. पण ती जराशी लंबवर्तुळाकार आहे. साडेबेचाळीस तासांच्या प्रत्येक फेरीत आयो गुरूच्या थोडा जवळ येतो, थोडा लांब जातो, आणि तिथला खडक शंभर मीटरपर्यंत वर-खाली होतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की बोटाला चटका बसतो, तसा आतला खडक तापतो.

स्टॅन्टन पील आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हे भाकीत मार्च १९७९ मध्ये प्रसिद्ध केलं. काही दिवसांतच व्हॉयेजर-१ ने पाठवलेल्या छायाचित्रात लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेवर ज्वालामुखीचा उंच फवारा दिसला. आज तिथले चारशेच्या आसपास जागृत ज्वालामुखी माहीत आहेत.

मला जास्त गुंतवलं ते पुढच्या प्रश्नाने. या घर्षणाने कक्षा हळूहळू वर्तुळाकार होऊन सगळं थंड का पडलं नाही? कारण शेजारी. आयोच्या चार फेऱ्या होतात तोवर युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक. ठरावीक जागी त्यांची ओढ पुन्हा पुन्हा लागते आणि आयोला वर्तुळात स्वस्थ बसू देत नाही.

बाबा गेल्यापासून आई गावी एकटी राहते. ताई पुण्यात, मी भोपाळला. दर रविवारी ताईचा फोन येतो, “तू कधी जाते आहेस?” मग घर ठेवायचं की विकायचं, आईला कुणी न्यायचं, यावर वाद. आई वेगळंच बोलते, “मी कुठे बोलावलंय तुम्हाला?” एका सहकारी मैत्रिणीने सल्ला दिला होता, महिन्याला ठरावीक पैसे पाठव, ठरावीक वारी फोन कर, वादात पडू नकोस. सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. पण ते वर्तुळ आहे. तिथे ताण नाही, म्हणून ऊबही नाही.

अर्थात, फार जवळ राहणंही परवडत नाही. आयोवर पाणी टिकलेलं नाही. जरा लांबच्या युरोपावर मात्र बर्फाखाली महासागर असावा, असे भक्कम पुरावे आहेत. शनीचा एन्सेलॅडस तर जेमतेम पाचशे किलोमीटर रुंद, तरी बर्फाच्या भेगांमधून तो पाण्याचे फवारे उडवतो, हे २००५ मध्ये कॅसिनी यानाला दिसलं. उबेला अंतराचाही हिशेब लागतो.

शिवाय ही ऊब फुकट मिळत नाही. आयोच्या उष्णतेची किंमत शेवटी गुरूच मोजतो, त्याचं स्वतःभोवतीचं फिरणं अतिशय सावकाश मंदावत जातं. हे वाचलं आणि शेजारच्या काकूंचं बोलणं आठवलं. आम्ही यायच्या चार दिवस आधी आई वाल भिजवते, माळ्यावरच्या गाद्या उन्हात घालते. आम्ही निघालो की दोन दिवस अंथरुणातून उठत नाही. आम्हाला ती हे कधीच सांगत नाही.

दिवाळीचं तिकीट काढलं आहे. ताईला म्हटलं, “घराचं काय ते आपण दोघी आधी पुण्यात बसून बोलू. आईसमोर नको.” ताई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “गाद्या मी जाऊन काढते. तू वाल तेवढे भिजव.”