पॉइंटर आणि सातबारा

परभणी जिल्ह्यातल्या सेलूत लॅपटॉपची किंमत रुपयांत सांगतात आणि क्विंटलांत समजून घेतात. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे पुण्याहून आणलेला, कुणीतरी आधी वापरलेला, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप तीनेक क्विंटलांचा. नवा घ्यायचा तर सहाच्या आसपास. खासगी खरेदीत भाव पडला की दुकानदारानं एक रुपयाही न वाढवता तोच लॅपटॉप महाग होतो. कॉम्प्युटर सायन्सला असलेली इथली पोरं हा हिशेब तोंडी करतात. बाप जिनिंगच्या दारात ट्रॅक्टरची पाळी यायची वाट बघत असतो आणि फोनवर पोराला विचारतो, "किती जीबीचा म्हणलास?" जीबी म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. पोराला कमी पडू नये, एवढं मात्र पक्कं ठाऊक असतं.

या पोरापोरींच्या गप्पा मला फार आवडतात. कॉलेज सुटल्यावर चहाच्या टपरीवर, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, स्टेशनातल्या बाकावर त्या चालू असतात, आणि मी जवळपास असलो की कान तिकडंच जातात. नावं मी लिहीत नाही. आपसांतही ती एकमेकांना गावानं ओळखतात. वालूरचा, कुपट्याची, देऊळगावचा. विषयाला धरबंध नसतो. प्रॅक्टिकलची वही, मेसची आमटी, कुणाच्या तरी बहिणीचं लग्न, दुधनेला पाणी सोडलं का, पायथन आधी शिकावं की जावा. "हॉटस्पॉट दे की जरा" हे वाक्य दर पाच मिनिटांनी. रोजचा दीड जीबी डेटा रात्री बाराला नव्यानं मिळतो, म्हणून उरलासुरला वाया जाऊ नये यासाठी अकरानंतर लेक्चरचे व्हिडिओ उतरवून ठेवायचे, ही इथली शिस्त.

एकदा वालूरच्याला सी भाषेतला पॉइंटर काही केल्या उमगेना. पुस्तक इंग्रजी, नोट्स इंग्रजी, व्हिडिओ हिंदी. "नुसता एरर यायलाय," म्हणून तो वैतागला होता. कुपट्याच्या पोरीनं त्याच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि विचारलं, "तुमचं शेत किती?"

"चार एकर."

"खिशात घालून आणता येतंय का?"

"कसं येईल?"

"सातबारा येतो ना? त्याच्यावर गट नंबर असतो. तो धरून गेलास की शेत सापडतं. शेत म्हणजे व्हॅल्यू, गट नंबर म्हणजे पत्ता, सातबारा म्हणजे पॉइंटर."

मग ती थांबेना. दोन भावांकडं एकाच सातबाऱ्याच्या दोन झेरॉक्स आहेत. थोरल्यानं कापूस मोडून हरभरा पेरला. धाकटा आपला कागद घेऊन शेतावर गेला, तर त्याला काय दिसेल? हरभराच. कागद दोन, शेत एक; पॉइंटरची कॉपी केली म्हणून शेताची कॉपी होत नाही. आणि जमीन विकून टाकल्यावर जुना सातबारा खिशात घालून कुणी पेरायला गेलं तर?

"मार खाईल," देऊळगावचा म्हणाला.

"त्यालाच सेगमेंटेशन फॉल्ट म्हणतात," ती म्हणाली.

मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. अवघड गोष्ट इतकी नेमकी, तिच्यातला काटेकोरपणा जरासाही न सांडता समजावलेली फार थोड्या वेळा ऐकली. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचींनी सी भाषा घडवली ती १९७२च्या सुमाराला. त्याच वर्षी परभणीत कृषी विद्यापीठ उभं राहिलं आणि त्याच वर्षी मराठवाडा दुष्काळात होरपळत होता; आज पॉइंटर शिकणाऱ्यांचे आजोबा तेव्हा दुष्काळी कामांवर खडी फोडत होते. न्यू जर्सीतली ती प्रयोगशाळा आणि ती खडी यांची गाठ कुपट्याच्या एका पोरीच्या वहीवर पडली, याचं मला अप्रूप वाटतं.

परक्या भाषेतून शिकणं या मुलखाला नवं नाही. सेलूवरून जाणारा रूळ निजामाच्या राज्यात, गेल्या शतकाच्या अगदी आरंभी, हैदराबाद आणि मनमाड जोडायला टाकला गेला. त्या रुळावरून इथली हुशार मुलं हैदराबादला शिकायला जात. तिथं १९१८मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याची भाषा उर्दू होती. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांनी रसायन आणि कायदा उर्दूतून पाठ केला. तेव्हाही वसतिगृहाच्या खोलीत रात्री कुणीतरी कुणाला तो धडा मराठीतून उलगडून सांगत असणार. आज देवगिरी एक्स्प्रेस त्याच मार्गानं धावते. एका टोकाला हैदराबाद, दुसऱ्याला मुंबई, दोन्हीकडं सॉफ्टवेअर कंपन्यांचे मनोरे, आणि मधल्या स्टेशनातल्या बाकावर ही पोरं ऑफर लेटरचा अर्थ लावत बसलेली.

शहरात हा अर्थ घरात कळतो. मामा आयटीत असतो, सोसायटीतली ताई हिंजवडीला जाते. जेवताजेवता चार गोष्टी कानांवर पडतात. इथल्या कितीतरी घरांत कॉलेजची पायरी चढणारं हेच पहिलं माणूस. रिझ्यूमे एका पानात बसवावा, गिटहबवर स्वतःचं काम ठेवावं, मुलाखतीत एखादी गोष्ट येत नसेल तर येत नाही म्हणून सांगितलं तरी चालतं, हे याला सांगणार कोण? कट्टा सांगतो. थोरल्या भावाचं काम या गप्पा करतात. म्हणून "पोरं नुसती गप्पा हाणीत बसतात" असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

दिवाळीला पुण्याहून आलेला कुणी सीनियर भैया भेटला की त्या दिवशीचा चहा त्याचा आणि प्रश्न यांचे. अशाच एका संध्याकाळी टर्बो सीचा विषय निघाला. बोरलँड कंपनीनं १९८७मध्ये आणलेला हा कम्पायलर आपल्याकडं अनेक लॅबमध्ये अजून नांदतो: निळा पडदा, पिवळी अक्षरं. प्रोग्रॅमच्या माथ्यावर कोनिओ डॉट एच, पहिल्या ओळीत क्लियर स्क्रीन, शेवटच्या ओळीत गेटसीएच, हे हाताच्या वळणात बसलेलं. पण कंपनीच्या ऑनलाइन परीक्षेत मागं जीसीसी हा कम्पायलर असतो आणि त्याला कोनिओ डॉट एच ठाऊकच नाही. गणित बरोबर, तर्क बरोबर, आणि पहिल्याच ओळीला प्रोग्रॅम नापास. "माझे पहिले दोन पेपर याच्यातच गेले," भैया म्हणाला. "तुम्ही आजपासून सोडा ते." पोरांनी माना डोलावल्या. ही एक ओळ वेळेवर कळली म्हणून किती जणांचं वर्ष वाचलं असेल, याची नोंद कुठल्याच कागदावर होणार नाही.

इंटर्नशिपचं दुखणं त्याहून मोठं. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर प्रत्यक्ष कामाचा अनुभव पदवीच्या श्रेयांकांत मोजला जाऊ लागला. कल्पना मला मनापासून पटते. पण सेलूच्या पोरानं तो अनुभव घ्यायचा कुठं? पुण्यात बिनपगारी इंटर्नशिप म्हणजे कॉट बेसिसची खोली, मेस, प्रवास. पुन्हा क्विंटलांचा हिशेब. या अडचणीवर पोट भरणारेही निघाले आहेत. फोनवर सुंदर छापलेलं पत्र येतं, निवड झाल्याचं अभिनंदन असतं आणि खाली बारीक अक्षरांत फी. देऊळगावच्याला असं पत्र आलं तेव्हा तो पेढे आणायच्या बेतात होता. कुपट्याच्या पोरीनं पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "काम करून घेणारा पैसे देत असतो. हे मागायलेत, म्हणजे हे दुकान हाय." त्याचा चेहरा पडला. पैसे वाचले खरे, पण निवड झाल्याचा तो आनंद त्याच्याकडून काढून घेताना तिलाही वाईट वाटलं, हे मला दिसत होतं.

शेवटी त्यानं गावातच काम शोधलं. एका वजनकाट्यावर पावत्यांचा छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. पहिल्या आठवड्यात त्याला समजलं की काट्यावरचे काका चष्मा लावत नाहीत, तेव्हा आकडा मोठा हवा. की शेतकऱ्याला भरलेलं वजन, रिकामं वजन आणि निव्वळ माल हे तिन्ही आकडे एका नजरेत दिसले पाहिजेत, कारण त्याचा संशय तिथंच असतो. की लाइट मधेच गेली तर अर्धी पावती हरवता कामा नये. डेटाबेसच्या पुस्तकात ट्रान्झॅक्शनचा जो धडा त्यानं पाठ केला होता, तो लाइट गेल्यावर कळला. कट्ट्यावर ही हकीकत सांगताना त्याच्या आवाजात जो रुबाब होता, तो कुठल्याही प्रमाणपत्रानं आला नसता.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४मध्ये आली, पदवीधराला महिना दहा हजार, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. ओळखीतली काही पोरं त्यातून सरकारी कार्यालयांत बसली. पैशाचा हातभार लागला, हे खरंच. पण मुदत संपल्यावर पुढं काय, हा प्रश्न गप्पांत वारंवार येतो आणि त्याला उत्तर मिळत नाही. चॅटजीपीटीचंही तसंच. २०२२च्या नोव्हेंबरात ते आलं तेव्हा इथं कुतूहल होतं, आता धास्ती आहे. "कोड ते लिहितंय, मग आपल्याला कामून घेतील?" वालूरचा विचारतो. मला वाटतं, काट्यावरचे काका चष्मा लावत नाहीत हे तिथं जाऊन बघणाऱ्याची गरज राहील. पण हे माझं वाटणं आहे. त्याची धास्ती खरी आहे.

पोरींचं वेगळं सांगायला हवं. टपरीवर त्या थांबत नाहीत. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानं गावाहून कॉलेजला येणं सोपं झालं, पण गावाकडची शेवटची गाडी चुकली की घरात बोलणी बसतात. त्यामुळं गप्पा रंगात आल्या की नेमक्या त्याच वेळी त्या उठतात. पुढचं सगळं पोरांच्या वाट्याला येतं: कुठं जागा निघाल्या, कोणती परीक्षा कशी असते, कोणत्या पत्रावर विश्वास ठेवायचा नाही. ज्या पोरीनं सातबाऱ्यावर पॉइंटर शिकवला, तिला भैयाचं कोनिओ डॉट एचचं बोलणं दुसऱ्या दिवशी, कुणाच्या तरी तोंडून, अर्धंमुर्धं कळलं.

यावर उपाय आहे आणि तो खर्चाचा नाही. कॉलेज सुटणं आणि शेवटची गाडी यांच्या मधला जो तास-दीड तास आहे, त्यात एक लॅब उघडी ठेवावी. वर्ग नको, हजेरी नको, व्याख्यान तर नकोच. बसायला बाकं, चालू इंटरनेट, दिवाळी-उन्हाळ्याला गावी आलेल्या सीनियरांना दार मोकळं, आणि संगणकांवर टर्बो सीच्या जागी जीसीसी. पोरं आणि पोरी तिथं एकत्र बोलतील. बोलायचं काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नाही.