मुरमावरचा हँडबॉल

डिसेंबर 2024 मध्ये दिल्लीत विसावी आशियाई महिला हँडबॉल स्पर्धा झाली. भारताकडे तिचं यजमानपद पहिल्यांदाच आलं होतं. अंतिम सामन्यात जपानच्या मुलींनी दक्षिण कोरियाला 25-24 असं एका गोलानं हरवलं. आपल्याकडे खेळाच्या पानावर क्रिकेटमधून जागा उरली तर बाकीच्यांचं बघतात, त्यामुळे ही बातमी फार जणांच्या नजरेत भरली नाही. गुरुकुंज मोझरीजवळच्या एका शाळेत मात्र क्रीडाशिक्षकानं ती मुलींना मैदानावर उभं करून सांगितली, आणि तीही अगदी मोझरीच्या पद्धतीनं: "पोरीहो, जपान जिंकलं. आपले महाराज गेले होते ना, त्याच जपानच्या पोरी."

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1955 साली विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेसाठी जपानला गेले होते, हे या गावात शाळकरी पोरालाही माहीत असतं. कोरिया मात्र नकाशात शोधावा लागला.

संत्र्याच्या आंबिया बहाराला काय भाव मिळतोय ते बघायला मी त्या दिवसांत तिवसा तालुक्यात फिरत होते. महामार्गाच्या कडेला चहाला थांबले, तर समोरच्या मैदानावर मुली एकमेकींना चेंडू फेकत होत्या. आधी बास्केटबॉल वाटला. मग एक मुलगी तीन पावलं धावली, उडाली आणि हवेतूनच तिनं चेंडू दोन बांबूंच्या मधून असा भिरकावला, की मागच्या कुंपणाच्या तारा वाजल्या. संत्र्याच्या भावाचं काम दुपारवर ढकललं.

मैदान म्हणजे मुरूम, त्यावर फक्कीनं मारलेल्या रेघा. हँडबॉलचं खरं मैदान 40 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद लागतं. इथं लांबी होती, रुंदीत मात्र बाभळीचं एक झाड आड येत होतं, म्हणून एका बाजूची रेघ आत वळवलेली. गोलच्या जागी बांबू. गोलपासून 6 मीटरवर अर्धवर्तुळासारखी एक रेघ, तिला सगळ्या मुली 'डी' म्हणतात. त्या रेघेच्या आत गोलकीपरशिवाय कुणी पाय टेकवायचा नाही. या खेळाची सगळी गंमत त्या रेघेत आहे, कारण रेघेबाहेरून उडी मारून आत झेपावता येतं, फक्त पाय जमिनीला लागायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे. एका मुलीनं मला ते असं समजावलं: "मॅडम, आत पाय पडला का गोल नाई. हवेत असलं त चालते."

बाकीचे नियम तिनं एका दमात सांगितले. एका बाजूला सात जणी, त्यातली एक गोलकीपर. चेंडू हातात घेऊन तीन पावलं, हातात धरून ठेवायचा तर तीन सेकंद. अर्ध्या तासाचे दोन डाव. दांडगाई केली तर दोन मिनिटं बाहेर, आणि तेवढा वेळ संघ एक खेळाडू कमी घेऊन लढणार. सोपी गोल करायची संधी कुणी फाऊल करून हिरावली तर सात मीटरवरून थेट फेक. सांगून झाल्यावर तिनं मलाच विचारलं, "समजलं का वो?"

हँडबॉल या भागाला अगदीच परका आहे असं मी धरून चालले होते. पण अमरावतीचा इतिहास उलगडला की वेगळंच निघतं. शहरातल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 ची, वैद्य बंधूंनी केलेली. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाचं पथक तिथं गेलं आणि त्यानं कबड्डीसह आपले देशी खेळ जगाला करून दाखवले. ऑलिंपिकमध्ये हँडबॉल पहिल्यांदा खेळला गेला तोही त्याच बर्लिनमध्ये, त्याच ऑगस्टात. तेव्हा तो उघड्या गवतावर अकरा-अकरा जणांचा खेळ होता, आणि अंतिम सामन्यात जर्मनीनं ऑस्ट्रियाला 10-6 असं हरवलं. आमच्या वऱ्हाडच्या मल्लांनी तो सामना पाहिला की नाही, कोण जाणे. पण एकाच गावात, एकाच पंधरवड्यात दोन्ही खेळ नांदले एवढं खरं. पुढं हँडबॉल घरात शिरला, सात-सात जणांचा झाला, 1972 ला म्युनिकमध्ये पुरुषांसाठी आणि 1976 ला माँट्रियलमध्ये महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये आला. भारतात हँडबॉल महासंघही 1972 चाच.

आशियाई महिला स्पर्धा सुरू झाली 1987 ला, जॉर्डनमधल्या अम्मानला. तेव्हापासून ती जवळजवळ कोरियाची घरची स्पर्धा असल्यासारखीच झाली आहे. दिल्लीआधीच्या 19 स्पर्धांपैकी 16 कोरियानं जिंकल्या. दोन कझाकस्ताननं आणि एक, 2004 मध्ये, जपाननं. कोरियाच्या मुलींनी 1988 ला सोलमध्ये आणि 1992 ला बार्सिलोनात ऑलिंपिक सुवर्ण घेतलं, 1995 ला विश्वविजेतेपदही. युरोपच्या धिप्पाड बायकांसमोर त्यांनी उंचीचा नाद सोडला आणि वेग पकडला: चेंडू हिसकावला की तिसऱ्या-चौथ्या पासला समोरचा गोल. त्या कोरियाला जपाननं आधी 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हरवलं आणि मग दिल्लीत. वीस वर्षांनी जपानकडे हा चषक परत गेला. एका गोलाचा फरक, पण त्यामागं वीस वर्षांची शाळा-कॉलेजांतली मेहनत आहे, आणि असा फरक मला मोठा वाटतो.

आणि भारत? दिल्लीत हाँगकाँगला हरवून सुरुवात छान झाली, पण पहिल्या चारांत आपण आलो नाही. पहिल्या चार जागांना 2025 च्या जर्मनी-नेदरलँड्स विश्वचषकाचं तिकीट होतं. वरिष्ठ महिलांच्या विश्वचषकात आपली पाटी अजून कोरीच आहे. दक्षिण आशियात आपण दादा. 2019 ला नेपाळमधल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण आपलंच होतं. मार्च 2022 मध्ये तर कझाकस्तानच्या अल्माटीत आपल्या ज्युनियर मुलींनी आशियाई विजेतेपद पटकावलं आणि त्याच वर्षी त्या स्लोव्हेनियात ज्युनियर विश्वचषक खेळून आल्या. म्हणजे अठरा-एकोणीसच्या वयात आपल्या पोरी आशियाई विजेतेपद मिळवू शकतात. मग पुढच्या पाच-सहा वर्षांत काय होतं?

उत्तर त्या मुरमावरच दिसलं, फार लांब जावं लागलं नाही.

सरावासाठी त्या दिवशी एकच चेंडू होता, आणि तो तीन नंबरचा, मुलांचा. घेर 58 ते 60 सेंटिमीटर, वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. मुलींचा चेंडू दोन नंबरचा असतो: घेर 54 ते 56 सेंटिमीटर, वजन 325 ते 375 ग्रॅम. चौदाच्या आतल्या मुलींना तर त्याहून लहान, एक नंबरचा. सगळ्यात लहान मुलीला मी तो चेंडू एका हातानं वरून धरायला सांगितला. तिनं बोटं ताणली, पांढरी पडेपर्यंत ताणली, आणि चेंडू निसटला. मग तिनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, कारण तिला तसाच धरता येत होता. अशी फेकायची सवय एकदा लागली, की पुढं कोणत्याही प्रशिक्षकाला ती मोडताना घाम फुटतो. एका हाताच्या पकडीवर हा सगळा खेळ उभा आहे. मोठ्या स्पर्धांत खेळाडू त्यासाठीच बोटांना चिकट राळ लावतात. ही बिचारी बोटांना मैदानाची माती लावत होती.

गोलकीपर मुलगी वेगळीच. हात-पाय पसरून, अंग मोठं करून ती दोन बांबूंच्या मध्ये उभी राहायची. पाच-सहा मीटरवरून चेंडू येतो तेव्हा झेलायला वेळ नसतो, त्याला फक्त अंगानं आडवायचं असतं. भीती वाटत नाही का, विचारलं, तर म्हणाली, "भेव नाई वाटत. डोळे मिटले का मंग वाटते." तिच्या दोन्ही कोपरांवर वाळलेल्या खपल्या होत्या. खालच्या कोपऱ्यातल्या चेंडूवर झेपावायचं तर अंग जमिनीवर टाकावं लागतं, आणि मुरूम ते अंग सोलून काढतो. म्हणून ती झेपावत नाही, पायानं अडवते. आंतरराष्ट्रीय सामने लाकडी किंवा रबरी फरशीवर होतात. तिथली गोलकीपर पडते ती न कचरता पडते, आणि सामने तिथंच जिंकले जातात.

क्रीडाशिक्षक अमरावतीतच शिकलेले. विदर्भात कोणत्याही गावी क्रीडाशिक्षक भेटला की निम्म्या वेळा तो अमरावतीचा निघतोच. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेची वेळ झाली की ते सराव बंद करतात, कारण निम्म्या मुलींच्या घरचे प्रार्थनेला जातात आणि मुलगी घरी दिसली नाही तर त्यांना काळजी. हा वेळेचा काटा ते पाळतात म्हणूनच, असं ते म्हणाले, आईबाप मुलींना खेळू देतात. एका मुलीची आई मैदानाच्या कडेला येऊन उभी होती. "पोरगी खेळते त खेळू दे वो. पण सांजच्याले उशीर झाला का जीव टांगणीले लागते," ती म्हणाली. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीवर एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि या गावात तो पाठ असलेल्या बायका कमी नाहीत. तरी संध्याकाळी रस्त्यावर दिवे नसले की आई ती आईच.

शाळेच्या पातळीवर हँडबॉल आपल्याकडे बऱ्यापैकी रुजलाय. शालेय क्रीडा स्पर्धेत 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांत तो आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी आहे. या शिडीवर ठरावीक पातळी गाठलेल्या मुलीला दहावी-बारावीत वाढीव गुण मिळतात, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत. हे चांगलंच आहे. पण मला खटकलं ते असं, की बऱ्याच घरी खेळाची किंमत त्या प्रमाणपत्रापुरती उरते. बारावीचे गुण पदरात पडले की चेंडू सुटतो. ज्युनियर पातळीवर आशिया जिंकणारा देश वरिष्ठ पातळीवर मागं पडतो तो याच वळणावर, असं माझं स्पष्ट मत आहे. पुरुषांसाठी 2023 मध्ये प्रीमियर हँडबॉल लीग झाली, आणि तिचं पहिलं विजेतेपद महाराष्ट्र आयर्नमेननं घेतलं. त्यातून पैसा आला, टीव्ही आला. त्या पहिल्या लीगमध्ये मुलींसाठी जागा नव्हती. मुलीला कॉलेजनंतर हँडबॉल खेळून पोट भरायचं असेल तर मुख्य दार रेल्वेचं. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ इतका भारी असण्याचं तेच कारण.

याउलट हिमाचलचं उदाहरण बघा. बिलासपूर जिल्ह्यात मोरसिंघी नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथं प्रशिक्षक स्नेहलता यांनी मुलींसाठी हँडबॉलची नर्सरी चालवली. मुली तिथं राहतात, शिकतात, सकाळ-संध्याकाळ खेळतात. भारताच्या महिला संघात आज त्या नर्सरीच्या अनेक मुली आहेत. म्हणजे आपला संघ नुसता मोठ्या शहरांतल्या अकादम्यांमधून नव्हे, अशा गावांतूनही येतो. मोझरीच्या सरांना मी हे सांगितलं तर ते थोडे चिडलेच. "आमच्याकडं डोंगर नाई, पण पोरीइले दम काय कमी हाय का?" कमी नाही. कापूस वेचायला उन्हात दिवसभर वाकणाऱ्या घरच्या या पोरी, दम कुठून कमी असणार! मोरसिंघीत एक बाई ठाम उभी राहिली, तिच्या मागं मुली राहायला आल्या आणि बारावीनंतरही चेंडू सुटला नाही, फरक तेवढाच.

निघताना सरांनी मला त्यांची मागणी सांगितली. अकादमी नको, ऑलिंपिकची स्वप्नं नकोत. "दोन गोलपोस्ट आन् पोरीइचा बॉल. एवढंच लिहा."

तेव्हा लिहिते. तिवसा, मोर्शी, वरुड, अमरावतीकडे वेल्डिंगचं दुकान असलेला, शाळा समितीवर असलेला किंवा गावच्या युवक मंडळात असलेला कुणी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी मापं अशी: गोलची चौकट आतून 3 मीटर रुंद, 2 मीटर उंच. खांब आणि आडवी पट्टी चौकोनी, प्रत्येकी 8 सेंटिमीटर जाडीची. दोन वेगळ्या रंगांचे आडवे पट्टे मारायचे, म्हणजे लांबून दिसते. चौकट जमिनीत घट्ट गाडा किंवा मागं जड वजन टाका; मोकळी सोडलेली चौकट लटकणाऱ्या पोरांच्या अंगावर पडते. मागं जाळी लावा, नाहीतर अर्धा सराव चेंडू आणण्यात जातो. गोलकीपरच्या जागी मुरमावर जाड गादी अंथरता आली तर तिची कोपरं वाचतील. आणि चेंडू मागवताना नुसतं 'हँडबॉल' लिहू नका, नंबर लिहा: मोठ्या मुलींसाठी दोन, चौदाच्या आतल्यांसाठी एक.