आलो की आले?

गेल्या वर्षी काही माजी विद्यार्थ्यांनी आमच्या शाळेस चार टॅब्लेट भेट दिले. यंत्राच्या साहाय्याने निबंध शिकवावा, ही कल्पना आम्हांस प्रथम रुचली नाही. तथापि प्रेमाने दिलेली वस्तू कपाटात कुलूपबंद ठेवणे हाही कृतघ्नपणाच. म्हणून सातवीच्या वर्गास 'घरातील वडीलधारे माणूस' हा विषय देऊन मुलांना आळीपाळीने त्या काचेवर लिहावयास बसविले.

पहिला अनुभव निराशेचा होता. रोमन अक्षरे दाबली की देवनागरी उमटते, आणि एक शब्द पुरा होताच यंत्र पुढचे दोन-तीन शब्द पट्टीवर मांडून ठेवते. आजवर असंख्य लोकांनी जे लिहिले, त्यावरूनच ते पुढचा शब्द ताडते. साहजिकच निम्म्याहून अधिक आज्या 'खूप प्रेमळ' निघाल्या! जुन्या निबंधमालांनीच नवा वेष घेतला, असे वाटले.

मग दुसरा प्रयोग केला. बोललेले ऐकून लिहून घेण्याचीही सोय त्यात आहे. अक्षर वाईट म्हणून नेहमी वही झाकून बसणारी एक मुलगी व्हरांड्यात जाऊन आपल्या आजीविषयी बोलली. पानभर मजकूर उमटला. विरामचिन्हांचा पत्ता नव्हता, पण पावसात अडकलेल्या नातीला न्यावयास आलेली आजी शाळेच्या दारातूनच म्हणत होती, "मी आलो गं, रडू नको."

आमच्या बेळगाव भागात बायकाही 'मी आलो', 'मी गेलो' असेच बोलतात. तीस वर्षांच्या सवयीने आम्ही बोट टेकवून 'आलो'चे 'आले' केले. मुलगी हळूच म्हणाली, "सर, आज्जी 'आले' असं कधी बोललीच नाही." ती आजी दिवाळीतच वारली होती, हे आम्हांस नंतर कळले.

यंत्राने ऐकले तसे लिहिले होते; पुसले ते आम्ही! बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी उतरवून घेतली, म्हणून पुत्र सोपानदेवांच्या हाती ती राहिली आणि १९५२ साली पुस्तकरूपाने प्रकटली. उतरविणाऱ्याने त्यांची खानदेशी बोली 'शुद्ध' करून टाकली असती, तर मराठीच्या हाती काय उरले असते? त्या बोलीची थोरवी आम्ही एम. ए.च्या वर्गात शिकलो होतो, आणि दारी आलेली बोली मात्र खोडीत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मुलीसमक्ष 'आले'चे पुन्हा 'आलो' केले. शब्द सुचविणारी पट्टी बंद केली. आता मुले आधी बोलतात, मग तेच वहीत हाताने लिहून काढतात. निवेदन प्रमाण भाषेत असावे, हा आमचा आग्रह कायम आहे. परंतु माणसाच्या तोंडचे वाक्य त्याचेच राहते.

लाल शाईचे पेन अजून खिशात असते. ते उघडण्यापूर्वी मात्र आम्ही विचारतो, "घरी असंच बोलतात का?"